कुंद्याचा डबा आणि गोडादरा

गोडादऱ्याला माझी धाकटी बहीण राहते. सुरत शहराच्या पूर्वेकडची ही वस्ती. लिंबायत, परवत पाटिया, डिंडोली या भागांच्या शेजारची. "सुरतेला चाललोय" असं बेळगावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "साड्या आणायला काय?" आणि दुसरा, "तिथं भाषेचं कसं जमतं गं?" भाषेचं अगदी छान जमतं. गोडादऱ्याच्या गल्लीत शिरलं की किराणा दुकानात मराठी, पिठाच्या गिरणीत मराठी, भाजीच्या हातगाडीवरही मराठीच. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून कापडाच्या धंद्यामागं आलेली कितीतरी घरं इथं स्थिरावली आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अहिराणी, मुलांच्या तोंडी गुजराती आणि सुनांच्या तोंडी दोन्ही. आपल्याकडे घरात मराठी, शेजारी कन्नड आणि बाजारात दोन्ही मिसळून चालतं, तसाच हा प्रकार. त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला गोडादऱ्यात परकं वाटत नाही.

आमचं माहेर बेळगावच्या वडगावातलं, मागावर साड्या विणणाऱ्यांचं. सुरतेच्या स्वस्त साड्या बाजारात आल्या आणि वडगाव-शहापूरच्या मागांवर संक्रांत आली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि त्याच सुरतेत आमची बहीण दिली गेली! सूत आणि साड्यांच्या व्यवहारातूनच ओळख निघाली आणि खानदेशातलं एक घर आमचं सोयरं झालं. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'उडान' योजनेत बेळगावहून सुरतेला थेट विमान सुरू झालं तेव्हा बहिणीचा फोन आला होता, "ताई, आता माहेर दोन तासांवर आलं गं!"

गेल्या श्रावणात आम्ही दोघं गेलो ते मात्र बंगळूरहून. आधी मुलाकडे आठ दिवस राहिलो. सून कन्नड, नात दोन्ही भाषांत बडबडणारी. तिथून विमानानं सुरत. बेळगावहून निघतानाच दोन डबे भरून कुंदा घेतला होता. एक मुलाकडे दिला, दुसरा दोन किलोचा स्टीलचा डबा बहिणीसाठी. शिवाय बेळगावचे मांडे. सामानात मांडे मोडतील आणि कुंदा फुटेल म्हणून ती पिशवी आमच्या ह्यांनी हातातच ठेवली आणि विमानात डोक्यावरच्या कप्प्यात अगदी वर, पुढच्या बाजूला ठेवली. आज जी गोष्ट सांगायची आहे ती या डब्याचीच.

विमान सुरतेला व्यवस्थित उतरलं. चाकं टेकली, पंखांवरचे पत्रे उभे राहिले, वेग कमी झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मोबाईल सुरू झाले. "हां, उतरलो. बाहेर थांब" असे आवाज सुरू झाले. विमान धावपट्टीवरून सावकाश वळलं, थोडं पुढं गेलं आणि थांबलं. थांबल्याबरोबर निम्मी माणसं उभी. आमचे हेही उभे. मी म्हटलं, "ओ, बसा की वाईच. पट्ट्याचा दिवा अजून गेला नाही." ते म्हणाले, "थांबलंय की गं. आता उतरायचंच आहे. डबा काढून ठेवतो, मागनं गर्दी होते." हवाई सुंदरी आपल्या खुर्चीतून पट्टा बांधूनच हिंदी-इंग्रजीत सगळ्यांना बसायला सांगत होती. कुणी ऐकलं नाही.

ह्यांनी कप्प्याचं झाकण उघडलं, पिशवीला हात घातला आणि विमान पुन्हा चालू लागलं. नुसतं चालू लागलं असतं तर निभावलं असतं. पण चार पावलं जातं न जातं तोच ब्रेक लागला. हे पुढच्या खुर्चीवर आपटले. पिशवी हातातून सुटली. समोरच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईशेजारी बसला होता. डब्याची कड त्याच्या भुवईवर लागली.

एवढंसं रक्त, पण त्या क्षणी मला सगळं विमानच लाल दिसलं. मुलगा रडायचंही विसरला होता. त्याच्या आईनं ओढणी दाबून धरली. विमान खरोखरीचं थांबल्यावर विमानतळावर मलमपट्टी झाली आणि पुढे दवाखान्यात दोन टाके पडले. आम्ही दोघं त्या बाईंच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत गेलो. हे हात जोडून उभे. त्या गुजराती बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं; त्या एवढंच म्हणाल्या, "काका, डोळा वाचला. देवानं वाचवला." त्यांनी आपला नंबर दिला आणि आम्ही गोडादऱ्याची रिक्षा धरली.

विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला डुमसच्या रस्त्यावर, आणि गोडादरा पार दुसऱ्या टोकाला. तासभर रिक्षात ह्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. मांड्यांचा चुरा झाला होता. डबा मात्र शाबूत, कडेला जरासा चेपलेला.

दारात पोचल्याबरोबर बहिणीच्या सासूबाई पुढं आल्या. "बठा भाऊ, बठा," असं अहिराणीत म्हणत त्यांनी खाट झटकली. आपल्याकडे बैलहोंगल-धारवाडकडचं माणूस "कुंडर्री, कुंडर्री" म्हणतं तसंच. पाहुण्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग बाकीच्या चौकश्या. हे बसले आणि त्यांना एकदम भरून आलं. "तेव्हाच बसलो असतो तर..." एवढंच म्हणाले.

त्या रात्री बहिणीनं शेवभाजी केली होती, कळण्याच्या भाकरी होत्या. हे दोन घास खाऊन उठले. रात्री अकराला भाचा कामावरून आला. तो विमानतळावरच जमिनीवरच्या कामात आहे. विमान जागेवर लावणं, चाकांना अडण्या घालणं, सामान उतरवणं असली कामं. आम्ही त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुमच्यासारखी माणसं रोज उभी राहतात. तुमच्या हातून डबा पडला म्हणून तुम्हाला कळलं. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ह्यांना फिरायला घेऊन निघाला. मीही गेले. आसपास मंदिराच्या रस्त्यानं, मग महाराणा प्रताप चौकाकडे. सकाळची गोडादऱ्याची लगबग बघण्यासारखी असते. घरोघरी दारात साड्यांचे गठ्ठे पडलेले. बायका पाय पसरून साड्यांचे धागे कापतायत, टिकल्या चिकटवतायत, लेस लावतायत. एवढी कामं उरकून मुलांचे डबेही भरतायत. टेम्पो येतात, तयार साड्यांचे गठ्ठे उचलतात आणि रिंग रोडच्या बाजारांकडे जातात.

एका अरुंद बोळात असाच एक टेम्पो मागं घेत होते. मागं एक पोरगा उभा राहून टेम्पोच्या फळीवर थाप मारत होता, "आने दो, आने दो, बस!" 'बस' म्हटल्याबरोबर टेम्पो जागच्या जागी थांबला. आत चढलेला हमाल गठ्ठ्यावर कोलमडला. भाचा म्हणाला, "हेच आमचं काम. फक्त टेम्पो मोठा."

मग चालता चालता त्यानं आम्हाला जे सांगितलं ते मी इथं तुमच्यासाठी लिहून ठेवते. कारण विमानात बसणाऱ्यांची संख्या आपल्या घराघरांत वाढली आहे आणि या गोष्टी कुणी सांगत नाही.

विमान उतरल्यावर धावपट्टी सोडून जागेवर लागेपर्यंत जे चालत येतं त्याला 'टॅक्सी करणं' म्हणतात. आपल्या मते त्या वेळी प्रवास संपलेला असतो. वैमानिकाच्या मते तो चालूच असतो. सुरतेला नेहमी येतात तसल्या विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर साधारण ३६ मीटर. तीन एसटी बसगाड्या एकापुढे एक लावाव्यात तेवढं. वजन पन्नास-साठ टन. आणि एवढं धूड चालवणारा माणूस पुढच्या टोकाला बसलेला असतो. पंखांची टोकं त्याच्या खूप मागं आणि दोन्ही बाजूंना अठरा-अठरा मीटरवर. आरशात बघून गाडी चालवतो तसं त्याला मागचं बघता येत नाही. तो जमिनीवरची पिवळी रेघ धरून चालतो. रेघेवर पुढचं चाक असलं आणि दोन्ही बाजूंना ठरलेली जागा मोकळी असली तर पंख सुखरूप, असा तो सगळा हिशेब. ती जागा मोकळी ठेवणं हे जमिनीवरच्या माणसांचं काम.

सरळ रस्त्यावर विमान ताशी पन्नासेक किलोमीटरपर्यंत चालतं, वळणावर वीसच्या आसपास. म्हणजे शहरातल्या बसच्याच वेगानं. बसमध्ये आपण दांडा धरून उभे राहतो. विमानात धरायला दांडाही नसतो. आणि मधे थांबावं लागतं ते अनेक कारणांनी. दुसरं विमान जाऊ द्यायचं असतं. पुढची धावपट्टी ओलांडायला परवानगी मिळायची असते. जागा रिकामी व्हायची असते. लहान विमानतळांवर तर विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळतं आणि त्याच धावपट्टीवरून उलटं येतं. शेवटी समोर दोन काठ्या घेऊन उभा असलेला माणूस हात वर करून काठ्या एकमेकींवर आणतो तेव्हा विमान थांबतं. वैमानिक थांबण्याचा ब्रेक लावतो, इंजिनं बंद करतो आणि मगच पट्ट्याचा दिवा विझतो. "मावशी," भाचा म्हणाला, "विमानाच्या पोटावर आणि पाठीवर लाल दिवा लुकलुकत असतो ना, तो विझेपर्यंत आम्हीसुद्धा जवळ जात नाही. इंजिन फिरत असतं."

आणि ही नुसती भीती नाही. मुंबईच्या विमानतळावर १६ डिसेंबर २०१५ ला विमान निघण्याच्या वेळी जमिनीवर काम करणारा एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन गेला. ते विमान हवेत नव्हतं, जमिनीवरच होतं.

खुद्द सुरतेतली गोष्टही त्यानं सांगितली. २०२३ च्या १७ डिसेंबरला सुरत विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. गोडादऱ्यात त्या दिवशी पेढे वाटले नसले तरी आखातात कामाला असलेल्यांच्या घरी आनंद झालाच. त्यानंतर तीन महिन्यांनी, २०२४ च्या मार्चमध्ये, रात्री शारजाहून आलेलं विमान सुरतेला सुखरूप उतरलं आणि जागेकडे चालत जाताना त्याचा पंख तिथं उभ्या असलेल्या एका डंपरला लागला. पंखाचं नुकसान झालं, प्रवासी सुखरूप राहिले. शेकडो मैल समुद्रावरून आलेलं विमान, आणि अपघात घरच्या अंगणात! त्याच महिन्यात कोलकात्याला एक विमान चालत असताना त्याच्या पंखाचं टोक दुसऱ्या उभ्या विमानाच्या पंखाला लागलं. पुढच्या मे महिन्यात पुण्यात दिल्लीला निघालेलं विमान धावपट्टीकडे जाताना सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला धडकलं. या तिन्ही वेळी कुणाचा जीव गेला नाही. पण तिन्ही वेळी धक्का जमिनीवर बसला, आणि त्या वेळी पट्टा बांधून बसलेला माणूस आणि कप्प्यात हात घालून उभा असलेला माणूस यांत फरक पडला असणारच.

सुरतेच्या विमानतळाला जमिनीवरचा धडा आधीही मिळाला होता. ६ नोव्हेंबर २०१४ ला दिल्लीला निघालेलं विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर धावत असताना समोर म्हैस आली आणि इंजिनावर आदळली. उड्डाण तिथंच थांबवलं गेलं, माणसं वाचली. त्या वेळी सगळ्या देशात सुरतेची थट्टा झाली. पण विमानतळाच्या भिंतीची, कुंपणाची, पहाऱ्याची गोष्ट किती मोठी असते ते त्या म्हशीनं सांगितलं.

आपल्याकडच्या कन्नड मुलखातलं उदाहरण तर याहून जवळचं. मंगळूरचं नाव काढलं की २२ मे २०१० आठवते. दुबईहून आलेलं विमान उतरताना डोंगरमाथ्यावरची धावपट्टी ओलांडून खाली गेलं आणि १५८ माणसं गेली. त्याच मंगळूरला ३० जून २०१९ ला पुन्हा दुबईहूनच आलेलं विमान पावसात नीट उतरलं, पण धावपट्टीवरून वळून चालताना टॅक्सीच्या वाटेवरून घसरलं आणि त्याची चाकं मऊ मातीत रुतली. १८३ प्रवासी होते, सगळे वाचले. विचार करा, २०१० ची आठवण मनात घेऊन धावपट्टीला चाकं टेकल्यावर "वाचलो बाई!" म्हणून उभं राहिलेलं कुणी त्यात असेल, तर त्याचं काय झालं असेल?

अहमदाबादला १२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं विमान कोसळलं. तेव्हापासून गुजरातेत काय नि आपल्याकडे काय, विमान उडताना माणसं देवाचं नाव घेतात. बहिणीच्या सासूबाई तर आम्ही येईपर्यंत देव पाण्यात घालून बसल्या होत्या. उडतानाची भीती समजण्यासारखी आहे. पण त्या भीतीतच एक फसगत आहे. चाकं टेकली की भीती संपते, आणि भीती संपली की सावधपणाही संपतो.

खरं तर विमानाच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा अपघात जमिनीवरच झाला. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट विमानं एकाच धावपट्टीवर समोरासमोर आली. एक उड्डाणासाठी धावत होतं, दुसरं अजून धावपट्टीवरून चालत होतं. ५८३ माणसं गेली. आणि अगदी अलीकडे, २ जानेवारी २०२४ ला तोक्योच्या हानेदा विमानतळावर उतरणारं मोठं जपानी विमान धावपट्टीवर चुकून आलेल्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळलं. लहान विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. मोठ्या विमानाला आग लागली, पण त्यातले सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले. कसे? तर सांगितल्याप्रमाणं वागून, आणि डोक्यावरच्या कप्प्यातलं सामान तिथंच सोडून. आमच्या डब्यासारखे किती डबे त्या आगीत गेले असतील. पण माणूस एकही गेला नाही.

हे सगळं ऐकून आमचे हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण ही सवय आपल्याला लागली कशी?" याचं उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. आपण सगळे एसटीत आणि रेल्वेत वाढलो. स्टँड दिसायच्या आधी पिशवी मांडीवर घ्यायची, स्टेशनच्या आधी दोन फर्लांग दाराशी उभं राहायचं, हे आईनं शिकवलं. गाडी दोन मिनिटं थांबणार, आत चढणाऱ्यांचा लोंढा येणार, मग उतरणार कसं? त्या ठिकाणी ती सवय शहाणपणाचीच आहे. भुसावळकडून येणाऱ्या गाडीनं उधन्याला उतरणारी गोडादऱ्याची माणसं आजही तशीच उठतात, आणि बरोबरच करतात. पण विमान आपल्याला घेऊन पुढच्या गावाला जाणार नसतं. आपण शेवटी उतरलो तरी ते आपल्याला उतरवूनच घेतं. तिथं लवकर उठून मिळवायचं काहीच नसतं. आणि आपण उठलो की आपल्याला बसवायला त्या हवाई सुंदरीला स्वतःचा पट्टा सोडून उठावं लागतं. म्हणजे आपण आपल्याबरोबर तिचाही जीव टांगणीला लावतो. तुर्कस्ताननं तर २०२५ मध्ये असं आधी उठणाऱ्यांना दंड करायचं ठरवलं.

आपल्याकडे कर्नाटकातल्या रस्त्यांवर पाट्या असतात, "अवसरवे अपघातक्के कारण". घाई हेच अपघाताचं कारण. घाटात ती पाटी वाचून आपण वेग कमी करतो. विमानात तसली पाटी नसते. तिथं नुसता एक छोटा दिवा असतो.

आमच्या मुक्कामात कानबाईचा सण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते, घरोघर रोट होतात आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन तिची मिरवणूक निघते. गोडादऱ्यातले रस्ते त्या दिवशी माणसांनी भरून जातात. आमच्या घरी खापरावरचे मांडेही झाले. बेळगावचा मांडा कागदासारखा घडी घातलेला, खानदेशचा पुरण भरून खापरावर भाजलेला. नाव एक, सोंग निराळं. आमच्या चुरा झालेल्या मांड्यांवर सासूबाईंनी दूध ओतलं आणि म्हणाल्या, गोड ते गोडच. पण ह्यांचं मन लागेना. रोज संध्याकाळी त्या बाईंना फोन करायचे. टाके सुकले का, ताप नाही ना, मुलगा शाळेत जातो ना.

पाचव्या दिवशी त्या बाईच म्हणाल्या, "काका, एकदा येऊन बघून जा, म्हणजे तुम्हाला झोप लागेल." भाच्याच्या मोटारसायकलवर बसून हे गेले. बरोबर तोच चेपलेला डबा, अर्ध्यावर आलेला. परत आल्यावर सांगत होते, दार उघडल्याबरोबर त्या घरातही म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "आवो, बेसो." मुलानं भुवईवरची पट्टी दाखवली आणि विचारलं, "याच डब्यात काय होतं?" यांनी कुंदा चमच्यानं भरवला. त्याला आवडला. "पुढच्या वेळी आणाल तर हातात ठेवा, वर ठेवू नका," असं त्यानंच बजावलं म्हणे.

त्या मुलाच्या भुवईवर एक बारीक रेघ राहणार आहे. ती आयुष्यभर राहील, आणि ती आमच्या घाईची आहे. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते आहे. कारण हे वाचणाऱ्या घरांत कुणीतरी बंगळूरला, पुण्याला, आखातात, अमेरिकेत आहे, आणि त्यांच्याकडे जाणारी आजी-आजोबा मंडळी लोणची, चकल्या, कुंदा घेऊनच निघणार आहेत.

तेव्हा निघण्याआधी घरातच चार गोष्टी बोलून घ्याव्यात. जड डबा, बरणी, स्टीलची भांडी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नयेत. पुढच्या खुर्चीखाली, आपल्या पायांशी ठेवावीत किंवा मोठ्या सामानात द्यावीत. लहान मुलाला शक्यतो कडेच्या खुर्चीवर बसवू नये, खिडकीशी किंवा मधे बसवावं. विमान मधेच थांबलं तर पोचलं असं समजू नये. दिवा विझला आणि इंजिनाची घरघर थांबली की पोचलं. मोबाईलवर "उतरलो" सांगायचंच तर बसून सांगावं. आणि कधी काळी घाईनं बाहेर पडायची वेळ आली तर पिशवीकडे बघूसुद्धा नये.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. विमानातल्या सूचना बहुधा हिंदी-इंग्रजीत असतात. आपल्या आजीला ना हिंदी नीट कळत, ना इंग्रजी. म्हणून निघतानाच तिच्या भाषेत सांगून ठेवावं. "आजी, दिवा जाईपर्यंत पट्टा सोडू नकोस." किंवा, "अज्जी, एळबेड्री, कुंडर्री." माझ्या नातीनं हे आता पाठच केलं आहे.

परतीच्या प्रवासात विमान बंगळूरला उतरलं. तिथला विमानतळ मोठा, चालणंही लांब. नेहमीप्रमाणं अर्धी माणसं उभी राहिली, कप्पे धडाधड उघडले. आमचे हे खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले होते, जणू कुणीतरी त्यांना उठवणारच आहे. पलीकडे एक वयस्कर जोडपं पट्टा सोडत होतं, बहुधा हुबळीकडचं. हे त्यांना हळूच म्हणाले, "अवसर माडबेड्री. इन्नू निंतिल्ल." अजून थांबलं नाही. ती दोघं बसली. विमान आणखी सात-आठ मिनिटं चाललं, मधे दोनदा थांबलं. शेवटी दिवा विझला, आम्ही सावकाश उतरलो आणि सामानाच्या पट्ट्याशी जाऊन उभे राहिलो. मघाशी घाईनं उभी राहिलेली सगळी माणसं तिथं आमच्या शेजारीच उभी होती. सामान अजून यायचं होतं.